घराच्या पाहणीत दोष सापडले, आता पुढे काय?

मित्रांनो, सिव्हिलच्या प्रत्येक विद्यार्थ्याला एक फोन कधी ना कधी येतोच. "अरे, तू इंजिनिअरिंगला आहेस ना? आम्ही एक फ्लॅट बघतोय, जरा येऊन बघ की." मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांचीही यातून सुटका नाही, कारण घरच्यांच्या लेखी इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी हे पहिलंच स्वतःचं घर असतं. बाबांचा प्रॉव्हिडंट फंड, आईची मोडलेली एफडी आणि वर पंधरा-वीस वर्षांचे हप्ते. नवीन परवडत नाही म्हणून जुना, रीसेलचा फ्लॅट बघितला जातो. अशा घराची पाहणी केली की दोष सापडणारच. तीस वर्षांच्या इमारतीत काहीच सापडलं नाही, तर पाहणी करणाऱ्यावरच शंका घ्यावी!

अहवाल हातात आला की घरात दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते, "नको रे बाबा हे घर." दुसरी म्हणते, "पुट्टी मारून रंग दिला की झालं." दोघांचीही गफलत एकच आहे. ते अहवालाला मार्कशीट समजतात, पास की नापास एवढंच बघतात. प्रत्यक्षात अहवाल म्हणजे डॉक्टरने लिहिलेली लक्षणं. प्रत्येक नोंदीला तीन प्रश्न विचारायचे: हे कशामुळे झालं? दुरुस्ती कुणी करायची? आणि सही करायच्या आधी काय व्हायला हवं, नंतर काय चालेल? ही तीन उत्तरं मिळाली की घर घ्यायचं की सोडायचं हे बरंचसं आपोआप ठरतं. या लेखात तेच बघू.

पाहणी कुणाची?

पहिला गैरसमज इथेच असतो. "बँकेचा माणूस बघून गेला, त्याने ओके दिलं." बँकेचा व्हॅल्यूअर घराची किंमत आणि कागदपत्रं बघतो. उद्या कर्ज बुडालं तर घर विकून पैसे वसूल होतील का, हा त्याचा प्रश्न असतो. तुमच्या बाथरूमचं छत गळतं का, हा त्याचा प्रश्न नसतो. इंग्लंडमध्ये घर घेताना खरेदीदार स्वतःचा सर्व्हेअर नेमतो आणि तो प्रत्येक भागाला १, २, ३ असे दर्जे देतो. १ म्हणजे ठीक, २ म्हणजे दुरुस्ती हवी पण तातडीची नाही, ३ म्हणजे गंभीर किंवा तातडीचं. आपल्याकडे तशी रूढ पद्धत नाही. म्हणून आपणच पदरचे पैसे देऊन एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला सोबत न्यायचं आणि त्याच्याकडून असा दर्जा लावलेला लेखी अहवाल घ्यायचा. घराच्या किमतीपुढे त्याची फी किरकोळ असते.

आणि हो, जमलं तर घर पावसाळ्यात बघा. मे महिन्यात सगळीच घरं कोरडी असतात. मे महिन्यातच बघावं लागलं, तर ज्या घरात एकाच भिंतीला नवा रंग दिलाय, त्या भिंतीपाशी जरा जास्त वेळ थांबा.

एक नमुना अहवाल

समजा, १९९४ सालची तळमजला अधिक चार मजल्यांची आरसीसी इमारत आहे. वीस फ्लॅट, तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. अहवालात सहा नोंदी आहेत:

१) बाथरूमच्या छताला ओल, पांढरे डाग.
२) बाल्कनीच्या स्लॅबचं काँक्रीट खालून फुगून पडलंय, गंजलेली सळई दिसते.
३) हॉलमध्ये बीम आणि विटांची भिंत जिथे मिळते तिथे केसासारखी आडवी चीर.
४) बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल, पोपडे सुटलेले.
५) वायरिंग जुनं, अर्थिंग नीट नाही, आरसीसीबी नाही.
६) खाली पार्किंगमधल्या एका कॉलमला कोपऱ्यालगत उभी चीर.

यातली घरच्यांना सगळ्यात जास्त घाबरवणारी नोंद असते तिसरी, कारण ती हॉलमध्ये बसल्या बसल्या दिसते. आणि ती सगळ्यात निरुपद्रवी असते! वीट आणि काँक्रीट तापमानाने वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात, म्हणून सांध्यावर चीर पडते. गिलावा तेवढ्यापुरता काढून, जाळी लावून पुन्हा केला की झालं. उलट सहावी नोंद कुणी वाचतच नाही, कारण पार्किंगमध्ये आपण राहणार नसतो. पण आपलं घर त्याच कॉलमवर उभं असतं.

चीर बघताना तीन गोष्टी लिहून ठेवा: दिशा, रुंदी आणि ती वाढते का. आयएस ४५६ मध्ये सर्वसाधारण परिस्थितीत काँक्रीटच्या चिरेसाठी ०.३ मिलिमीटर ही मर्यादा धरली आहे. ही मर्यादा डिझाइनसाठी असली तरी अंदाजाला उपयोगी पडते. चिरेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहायची आणि महिनाभराने पुन्हा बघायचं. तिरकी, एका टोकाला रुंद होत जाणारी, दारा-खिडकीच्या कोपऱ्यातून निघून मजल्यामागून मजल्यावर दिसणारी चीर असेल तर पाया खचल्याची शंका घ्यावी. कॉलममध्ये सळईच्या रेषेत जाणारी उभी चीर असेल तर आतून गंज ढकलतोय असं समजावं.

गंजाचं थोडं शास्त्र

दोन आणि सहा या नोंदींचं मूळ एकच आहे, म्हणून थोडी थिअरी. (घाबरू नका, व्हायवा नाही.) ताज्या काँक्रीटचा पीएच साधारण १२.५ ते १३ असतो. इतक्या अल्कलीत सळईवर एक संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू आत शिरतो आणि हा पीएच ९ च्याही खाली आणतो. याला कार्बोनेशन म्हणतात. हा थर सळईपर्यंत पोचला की संरक्षण संपलं. मग पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की गंज चढतो. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असतं, म्हणून तो बाहेरचं काँक्रीट फोडून काढतो.

कार्बोनेशनची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे सळईवरचं कव्हर निम्मं केलं, तर वेळ निम्मा नाही, एक चतुर्थांश होतो. समजा गुणांक ४ धरला (खोली मिलिमीटरमध्ये, काळ वर्षांत). १५ मिलिमीटर कव्हर असेल तर साधारण १४ वर्षांत गंजाला दार उघडतं. ३० मिलिमीटर असेल तर ५६ वर्षांत. आता लक्षात घ्या, १९७८ च्या आयएस ४५६ मध्ये स्लॅबला किमान कव्हर १५ मिलिमीटर होतं. २००० सालच्या आवृत्तीत सौम्य परिस्थितीसाठी २० आणि मध्यम परिस्थितीसाठी ३० मिलिमीटर झालं. आपली १९९४ ची इमारत जुन्या नियमांतली आहे. त्यात साइटवर कव्हर ब्लॉक नीट ठेवले नसतील, तर बोलायलाच नको. बाल्कनीत पाऊसही येतो, म्हणून पहिला नंबर तिचा लागतो.

हे मोजता येतं. ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलिन शिंपडायचं: गुलाबी झालं तर अल्कली शिल्लक आहे, रंग आला नाही तर कार्बोनेशन झालं. हाफ सेल पोटेन्शियल चाचणीत कॉपर सल्फेट इलेक्ट्रोडवर उणे ३५० मिलिव्होल्टपेक्षाही खाली वाचन आलं, तर गंज चालू असण्याची शक्यता ९० टक्क्यांहून जास्त धरतात. अल्ट्रासॉनिक पल्स चाचणीत ध्वनिलहरीचा वेग सेकंदाला ३ किलोमीटरच्या खाली असेल तर काळजीचं कारण आहे. एक सावधगिरी मात्र घ्या. नुसत्या रिबाउंड हॅमरवर विसंबू नका. कार्बोनेशनमुळे जुन्या काँक्रीटचा पृष्ठभाग कडक होतो आणि हॅमर खऱ्यापेक्षा जास्त ताकद दाखवतो.

हातात काहीच उपकरण नसेल तर छोटी हातोडी घ्या आणि हलकेच ठोकत जा. भरीव आणि पोकळ आवाजातला फरक कुणालाही कळतो.

खर्च कुणाच्या खिशातून?

आता दुसरा प्रश्न. महाराष्ट्रात सहकारी गृहनिर्माण सोसायटीच्या आदर्श उपविधींनी याची बरीचशी वाटणी करून ठेवली आहे. बाहेरच्या भिंती, गच्ची, पावसाच्या पाण्याची गळती, सामाईक पाइप आणि ड्रेनेज, छताची स्ट्रक्चरल दुरुस्ती ही सोसायटीची जबाबदारी. फ्लॅटच्या आतली बाकी दुरुस्ती सभासदाची. बाथरूम-संडासच्या आतल्या गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकांचा.

आपल्या नोंदींना हे लावून बघा. बाथरूमच्या छताची ओल (नोंद १) वरच्या मजल्यावरून येते. तिथला नहाणी ट्रॅप किंवा बाथरूमखालचं वॉटरप्रूफिंग गेलेलं असतं. खालून कितीही केमिकल फासलं तरी उपयोग नाही. वरून दुरुस्त केल्याशिवाय पाणी थांबत नाही. खात्री करायची तर वर नळ बंद ठेवून ट्रॅपला बूच मारायचं, फरशीवर रंगीत पाणी चोवीस तास साठवायचं आणि खाली बघायचं. पश्चिमेची भिंत (नोंद ४), बाल्कनीचा स्लॅब (नोंद २) आणि पार्किंगचा कॉलम (नोंद ६) सोसायटीकडे जातात. वायरिंग आणि हॉलमधली चीर आपली.

पण "सोसायटीची जबाबदारी" म्हणजे फुकट नव्हे. सोसायटी म्हणजे तरी कोण? उद्या सभासद झाल्यावर आपणच. म्हणून सोसायटीकडे पुढची कागदपत्रं मागा:

- शेवटचा स्ट्रक्चरल ऑडिट रिपोर्ट. उपविधींप्रमाणे १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं ऑडिट दर ५ वर्षांनी आणि त्याहून जुन्या इमारतीचं दर ३ वर्षांनी व्हायला हवं.
- दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंडात प्रत्यक्ष किती शिल्लक आहे.
- गेल्या दोन-तीन सर्वसाधारण सभांची इतिवृत्तं. मोठी दुरुस्ती, जादा वर्गणी किंवा पुनर्विकास यांची चर्चा तिथेच सापडते.
- विक्रेत्याकडे काही थकबाकी नाही याचा दाखला.

तुम्ही अजून सभासद नाही, त्यामुळे ही कागदपत्रं विक्रेत्यामार्फतच मागावी लागतात. तो टाळाटाळ करत असेल तर तीही अहवालातली सातवी नोंद समजा.

कायदा काय म्हणतो?

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विक्रेत्याने मालमत्तेतला असा महत्त्वाचा दोष सांगायला हवा, जो त्याला माहीत आहे, खरेदीदाराला माहीत नाही आणि खरेदीदाराला नेहमीची काळजी घेऊनही सापडला नसता. शेवटचा भाग पुन्हा वाचा. जो दोष डोळे उघडे ठेवून दिसला असता, त्याबद्दल नंतर भांडायला फारशी जागा राहत नाही. म्हणजे आधी पाहणी करणं ही आपलीच गरज आहे.

नवीन घर बिल्डरकडून घेत असाल तर परिस्थिती बरी आहे. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा दिल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा किंवा कामाच्या दर्जाचा दोष दाखवून दिला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत, जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा आहे. तिथे पाहणीची यादी तारखेसह लेखी देऊन पोच घ्या. फोनवरच्या "करून देतो साहेब"ला काही किंमत नसते.

आता हिशोब

आकडे फक्त समजुतीसाठी घेतलेत. फ्लॅटची सांगितलेली किंमत ५० लाख. वायरिंग आणि अर्थिंग १ लाख १० हजार. आपल्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग ९० हजार (आपल्या खाली कुणीतरी राहतंच ना!). गिलावा आणि रंग ६० हजार. झाले २ लाख ६० हजार. सोसायटीच्या मोठ्या दुरुस्तीचा अंदाज ४० लाख, निधीत शिल्लक १४ लाख. उरलेले २६ लाख वीस जणांत, म्हणजे प्रत्येकी १ लाख ३० हजार. एकूण ३ लाख ९० हजार. जुन्या घरात भिंत फोडल्यावर आणखी काहीतरी निघतंच, म्हणून वर १५ टक्के. साडेचार लाखांच्या आसपास.

हा आकडा का महत्त्वाचा? रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देऊ शकते. इथे ४० लाख. वरचे १० लाख, मुद्रांक शुल्क आणि नोंदणी आपल्या खिशातून. त्यावर हे साडेचार लाख. पहिलं घर घेणारी कुटुंबं इथेच अडकतात: सगळी पुंजी खरेदीत संपते आणि दुरुस्तीसाठी चढ्या व्याजाचं कर्ज काढावं लागतं, नाहीतर बाल्कनीखालून जीव मुठीत धरून जावं लागतं.

भाव करताना अहवाल टेबलावर ठेवा, पण रास्त बोला. रंग आपण तसाही दिलाच असता, तो विक्रेत्याच्या माथी मारू नका. तो म्हणेल, "जुनं आहे म्हणूनच या भावात देतोय," आणि त्यात तथ्यही असेल. मात्र बाल्कनी, वायरिंग आणि येऊ घातलेली वर्गणी यांचे कोटेशनसह आकडे समोर असले की दोन-तीन लाख कमी करायला माणूस सहसा तयार होतो. ज्याच्या हातात कागद, त्याचं म्हणणं ऐकलं जातं.

एक व्यावहारिक सूचना. "मीच दुरुस्त करून देतो" असं विक्रेता म्हणाला तर शक्यतो पैसे कमी करून घ्या आणि काम स्वतः करा. घर सोडून जाणारा माणूस स्वस्तातलं आणि दिसायला चांगलं काम करणार. याला अपवाद एकच, वरच्या फ्लॅटची गळती. तिथे विक्रेता सभासद आहे, तो सोसायटीला लेखी तक्रार देऊ शकतो आणि शेजाऱ्याशी त्याचे संबंध आहेत. हे काम करारनाम्याआधी करून घ्या, किंवा काही रक्कम काम पूर्ण झाल्यावरच द्यायची अशी अट करारनाम्यात वकिलाकडून लिहून घ्या.

सोडून कधी द्यायचं?

तीन प्रसंगी मोह आवरावा. एक, कॉलम किंवा पायाचा दोष आहे आणि सोसायटी चाचण्या करू द्यायला तयार नाही. दोन, महापालिकेने इमारत धोकादायक ठरवली आहे. मुंबईत सी-१ वर्ग म्हणजे ताबडतोब रिकामी करून पाडायची इमारत. सी-२ म्हणजे दुरुस्ती लागणारी, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तीन, दुरुस्तीचा हिस्सा धरून हिशोब जुळतच नाही. घर कितीही आवडलं तरी गणित आवडीने बदलत नाही. टोकन देण्याआधी हे कळलं तर नुकसान फक्त पाहणीच्या फीचं होतं.

ताबा मिळाल्यावर कामाचा क्रम

आधी पाणी थांबवा, मग सळई आणि काँक्रीट, मग गिलावा, सगळ्यात शेवटी रंग. बाहेरून आत, वरून खाली. गंजलेल्या जागी सळईच्या मागेपर्यंत सैल काँक्रीट काढायचं, गंज पूर्ण घासायचा, सळई फार झिजली असेल तर नवी जोडायची, गंजरोधक लेप आणि बाँड कोट लावून पॉलिमर मॉर्टर किंवा मायक्रोकाँक्रीट भरायचं. बीम-कॉलमच्या कामात आधी टेकू हवेतच. नुसतं सिमेंट थापलं तर आतला गंज चालूच राहतो आणि दोन-तीन पावसाळ्यांत तोच तुकडा परत खाली येतो. ओल्या भिंतीवर रंग देण्याची घाई नको. भिंत वाळायला आठवडे लागतात. वायरिंग गिलाव्याच्या आधी उरका, नाहीतर नवी भिंत पुन्हा फोडावी लागेल.

तेव्हा मंडळी, घरून फोन आला की "छान आहे" किंवा "नको" एवढंच सांगून मोकळे होऊ नका. वही-पेन्सिल घेऊन जा आणि प्रत्येक डागासमोर कारण, जबाबदारी आणि वेळ असे तीन रकाने भरा. सराव हवा असेल तर लांब जायला नको. आपल्या होस्टेलमध्ये बाथरूमच्या बरोबर खाली येणाऱ्या खोलीचं छत आज बघून घ्या. पहिला अहवाल त्याचाच लिहा आणि रेक्टर सरांना द्या!